शिकारी रायफलचा ट्रिगर: ॲडजस्टमेंट आणि बदल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती मुख्यतः बोल्ट-ॲक्शन रायफलींसाठी आहे, म्हणजे ज्यांत बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरतात. कुठलंही काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) नजरेने बघा, बोटाने चाचपा आणि सगळी काडतुसं खोलीबाहेर ठेवा. मधे चहाला उठलात तरी परत आल्यावर हे पुन्हा करा. नळी कायम अशा दिशेला ठेवा, की चुकून गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही.

ट्रिगर हलका केला की रायफल जास्त अचूक होते का?

रायफल होत नाही, नेमबाज होतो. नळी, काडतूस आणि बेडिंग (रायफलचा धातूचा भाग दांड्यात कसा बसला आहे ते) जेवढं देणार तेवढंच देतात. बेंचवर वाळूच्या पिशव्यांत घट्ट रोवलेल्या रायफलच्या ग्रुपमध्ये, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या पसाऱ्यात, ट्रिगर बदलून फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो उभ्याने, गुडघ्यावर बसून किंवा झाडाला टेकून मारताना. साडेतीन किलोची रायफल हातात आहे आणि ट्रिगर सुटायला तीन किलोचा जोर लागतो, म्हणजे जवळजवळ रायफलच्या वजनाइतकी ताकद एका बोटाने लावायची आणि तरी क्रॉसहेअर हलू द्यायचा नाही. तो हलतोच.

तरीही हलकेपणापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. दर वेळी त्याच जोराला, त्याच जागी, खाडकन सुटणारा साडेतीन पाउंडाचा ट्रिगर हा कधी दोन तर कधी तीन पाउंडाला सुटणाऱ्या ट्रिगरपेक्षा शिकारीला कितीतरी बरा.

शिकारी रायफलला ओढ किती ठेवावी?

ओढ म्हणजे ट्रिगर सुटायला लागणारा जोर; तिलाच ट्रिगरचं वजनही म्हणतात. ती अडीच ते साडेतीन पाउंड, म्हणजे साधारण १.१ ते १.६ किलो ठेवा. जाड हातमोजे घालून किंवा कडाक्याच्या थंडीत शिकार करायची असेल तर चार पाउंडांपर्यंत, म्हणजे १.८ किलोपर्यंत ठेवा. बधिर झालेल्या बोटाला दोन पाउंड समजतच नाहीत. ट्रिगरला बोट लागलं हे कळायच्या आत गोळी गेलेली असते. औंसांत मोजायचे ट्रिगर बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल टेकवून मारायच्या नेमबाजीच्या, टेबलावर शोभतात. काडतूस भरून डोंगर चढायच्या रायफलीत त्यांना जागा नाही.

ट्रिगर ‘चांगला’ आहे म्हणजे नेमकं काय?

आत काय घडतं ते आधी बघू. बोल्ट बंद करताना फायरिंग पिनच्या मागचा तुकडा, म्हणजे कॉकिंग पीस, सिअर नावाच्या खटक्यावर अडकतो. सिअरच्या खाली ट्रिगरचं वरचं टोक टेकू देऊन उभं असतं. बोटाने ट्रिगर मागे आला की टेकू निसटतो, सिअर खाली बसते आणि पिन सुटते. सिअर आणि टेकू एकमेकांवर जेवढे चढलेले असतात त्याला पकड म्हणू. बहुतेक ट्रिगरांमध्ये ही पकड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

पकड जास्त किंवा पृष्ठभाग खरबरीत असेल तर सुटण्याआधी ट्रिगर घासत, अडखळत सरकल्याचं बोटाला जाणवतं. हा क्रीप. पिन सुटल्यानंतरही ट्रिगर मागे जात राहिला तर तो ओव्हरट्रॅव्हल. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आत बोट खाडकन मागे आदळतं आणि रायफल हलते. चांगल्या ट्रिगरमध्ये क्रीप जाणवत नाही, ओव्हरट्रॅव्हल अगदी थोडा असतो आणि ओढ दर वेळी सारखी लागते.

ओढ मोजायची कशी?

ट्रिगर गेज वापरा, डिजिटल असो की स्प्रिंगचा. रिकामी रायफल कॉक करा (बोल्ट उघडून बंद करून पिन ताणा), सेफ्टी उघडा, गेजचा हुक ट्रिगरच्या वक्राच्या मधोमध लावा आणि नळीला समांतर, सरळ मागे, सावकाश ओढा. किमान पाच वेळा मोजून सरासरी काढा, पण सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या आकड्यातला फरकही लिहून ठेवा. बरेच जण तो बघतच नाहीत. चार औंसांपेक्षा (साधारण ११० ग्रॅम) जास्त फरक येत असेल तर आत घाण, वाळलेलं तेल किंवा झिजलेली कड आहे असं समजा. आधी ते बघा, स्क्रू नंतर.

हुक ट्रिगरच्या खालच्या टोकाला लावला तर तरफ लांब झाल्याने वजन कमी दिसतं. सॅव्हेजच्या ॲक्यूट्रिगरमध्ये मधली पाती आधी पूर्ण दाबली गेली पाहिजे, म्हणून गेजचा हुक त्या पातीवरूनच ओढा.

माझ्या रायफलचा ट्रिगर ॲडजस्ट होतो का?

मॅन्युअल बघा. काही कंपन्या फक्त वजनाचा स्क्रू मालकाच्या हाती देतात आणि बाकीचे सील करतात. ॲक्यूट्रिगर त्याच प्रकारचा; मॉडेलप्रमाणे मर्यादा बदलते, पण प्रचलित प्रकार दीड ते सहा पाउंडांत फिरतो. ब्राउनिंग एक्स-बोल्टचा फेदर ट्रिगर तीन ते पाच पाउंड, रूगर अमेरिकनचा मार्क्समन ट्रिगरही तीन ते पाच. स्वस्त मॉडेलांमध्ये पुष्कळदा ॲडजस्टमेंट नसतेच.

रेमिंग्टन ७०० च्या जुन्या वॉकर ट्रिगरला तीन स्क्रू आहेत: पुढे खालचा वजनाचा, पुढे वरचा ओव्हरट्रॅव्हलचा आणि मागचा पकडीचा. बाजारात मिळणारे ७०० पद्धतीचे बरेच ट्रिगर याच मांडणीचे असतात. पण तुमच्या ट्रिगरसोबत आलेल्या कागदावर काही वेगळं लिहिलं असेल तर कागदाचं ऐका.

तिन्ही स्क्रू असतील तर कुठल्या क्रमाने फिरवायचे?

ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसलेला धातूचा भाग) स्टॉकमधून, म्हणजे रायफलच्या दांड्यातून, बाहेर काढा. प्रत्येक स्क्रूची सुरुवातीची जागा आणि सुरुवातीची ओढ कागदावर लिहा, मोबाइलने फोटोही काढा. स्क्रूवरचं लाखेसारखं सील अ‍ॅसिटोनच्या एका थेंबाने मऊ करून टोकदार काडीने खरवडा. अ‍ॅसिटोन आत झिरपू देऊ नका. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा ड्रायव्हर किंवा अ‍ॅलन की घ्या. सैल पान्याने खाच एकदा गेली की पुढचं सगळं काम अवघड होऊन बसतं.

आधी पकड. ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू दोन आटे बाहेर घेऊन त्याला वाटेतून दूर करा. बोल्ट कॉक करा, सेफ्टी उघडी ठेवा, आणि ट्रिगरला हात न लावता पकडीचा स्क्रू हळूहळू आत फिरवा. एका ठिकाणी पिन आपोआप पडेल. तिथे पकड शून्य झाली. तिथून किमान अर्धा आटा बाहेर या. अशा बारीक स्क्रूची पिच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे पाव आटा म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. एवढ्याशा फिरवण्याने सुरक्षित ट्रिगर धोकादायक होऊ शकतो, म्हणून इथे घाई चालत नाही. थोडा क्रीप राहिला तर राहू द्या.

मग ओव्हरट्रॅव्हल. स्क्रू आत नेत जा, ट्रिगर ओढूनही पिन पडेनाशी होईपर्यंत. आता ट्रिगरवर हलका दाब ठेवून स्क्रू बाहेर फिरवा. पिन पडली की आणखी पाव ते एक तृतीयांश आटा बाहेर. पिन पडलेल्या अवस्थेत ट्रिगर मागे-पुढे हलवून बघा, जराशी मोकळीक जाणवली पाहिजे. नसेल तर सिअर खाली जाताना टेकूला घासते आहे आणि थंडीत किंवा धुळीत हा ट्रिगर सुटणारच नाही.

वजन शेवटी. पाव पाव आटा फिरवून दर वेळी गेजने मोजा. वजनाची स्प्रिंग ट्रिगरला परत जागेवरही आणते हे विसरू नका. ती अगदी सैल सोडली तर ट्रिगर मधेच अडकून राहतो, टेकू सिअरखाली नीट येत नाही, आणि पुढच्या वेळी बोल्ट बंद करताना पिन बोल्टबरोबरच पुढे निघून जाते.

सगळं जमलं हे कशावरून ठरवायचं?

खालच्या चाचण्या दर ॲडजस्टमेंटनंतर करायच्या, एका स्क्रूचा पाव आटा फिरवला असला तरी. रायफल रिकामी, पूर्ण जोडलेली, स्टॉकमध्ये बसवलेली आणि स्क्रू ठरलेल्या टॉर्कला आवळलेले असले पाहिजेत. ॲक्शन बाहेर असताना केलेली तपासणी धरू नका. स्टॉक ट्रिगरच्या घराला (आतले भाग बसतात त्या पेटीला) कुठे दाबत असेल तर ते जोडल्यावरच कळतं.

१. बोल्ट आपटणे. सेफ्टी उघडी ठेवून बोल्ट जोरात पुढे ढकला आणि हँडल झटकन खाली पाडा, निदान वीस वेळा. दर वेळी बोल्टच्या मागचं टोक किंवा निर्देशक बघून रायफल कॉक राहिली याची खात्री करा. एकदाही पिन पडली तर पकड वाढवा आणि पहिल्यापासून सुरू करा.

२. सेफ्टी. सेफ्टी लावा, ट्रिगर नेहमीपेक्षा जोरात ओढा, सोडा. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी उघडा. पिन पडता कामा नये. दहा वेळा करा. इथे चूक निघाली तर बहुधा सेफ्टी सिअरला पुरेशी उचलत नाही किंवा ट्रिगर मागेच अडकतो. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ती रायफल मैदानात न्यायची नाही.

३. आदळणे. कॉक केलेली, सेफ्टी उघडलेली रिकामी रायफल जाड रबरी पट्टीवर कुंद्याच्या बाजूने सुमारे तीस सेंटिमीटरवरून सोडा. मग रबरी हातोडीने रिसीव्हरच्या (बोल्ट सरकतो त्या भागाच्या) आजूबाजूला स्टॉकवर डाव्या, उजव्या आणि खालच्या बाजूने ठोका. अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या मानकात अशा हलक्या आदळण्याची उंची १२ इंच आणि पाडण्याच्या चाचणीची ४ फूट आहे. चार फुटांची चाचणी घरी करू नका, दुर्बीण आणि स्टॉक दोन्ही जातील. हातोडी मारून झाली की दुर्बिणीचा झीरो, म्हणजे नेमाची जुळणी, रेंजवर पुन्हा तपासा.

ॲक्यूट्रिगरमध्ये पाती न दाबता धक्का बसला तर सिअर पातीवर अडकते आणि ट्रिगर मरतो. बोल्टचं हँडल उचलून पुन्हा कॉक करावं लागतं. ही त्याची सुरक्षा आहे. पण बोल्ट नेहमीसारखा बंद करताना असं वारंवार होत असेल तर ओढ फार कमी ठेवली आहे.

रेंजवर पहिल्या पाच गोळ्या एकेकच भरा. मॅगझिन नंतर.

स्क्रू पुन्हा कशाने पक्के करू?

नेलपॉलिशचा एक ठिपका, स्क्रूच्या डोक्यावर आणि घराच्या कडेवर मिळून. ते दाट असतं, आत झिरपत नाही आणि पुढे स्क्रू हलला तर तडा दिसतो. पातळ थ्रेड-लॉकर आट्यांतून आत सरकून सिअरच्या फटीत जाऊन बसतं. हा धोका किती खरा आहे ते रेमिंग्टनने दाखवून दिलं: १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेले एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली २०१४ मध्ये परत मागवाव्या लागल्या, कारण जोडणीत जास्त पडलेल्या चिकट द्रव्यामुळे काही परिस्थितीत गोळी आपोआप सुटण्याची शक्यता होती.

स्प्रिंगचा एखादा वेटोळा कापला किंवा सिअर घासून गुळगुळीत केली तर?

दोन्ही करू नका. कापलेल्या स्प्रिंगचं टोक सपाट राहत नाही, ती तिरकी बसते आणि ओढ दर वेळी वेगळी येते. हलकी ओढ हवी असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेली बदली स्प्रिंग घ्या.

सिअर घासणं याहून वाईट. बऱ्याच सिअरांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो घासला गेला की मऊ पोलाद उघडं पडतं. पहिले काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा वाटतो, मग कड गोल होत जाते आणि एके दिवशी बोल्ट बंद करताना पिन पडते. शिवाय हाताने घासताना कोन अंशभर जरी चुकला तरी सिअरवरचा दाब ट्रिगरला पकडीत आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलू लागतो. असा ट्रिगर केव्हाही सुटेल. फिक्श्चर, भिंग आणि कोन मोजायची सोय असलेल्या गनस्मिथचंच हे काम आहे.

ट्रिगरला तेल घालायचं का?

नाही. तेल धूळ धरतं, न जळलेल्या दारूचे कण धरतं, वाळून डिंकासारखं होतं आणि गोठणबिंदूखाली घट्ट होतं. नळी साफ करताना रायफलचा मागचा भाग वर आणि नळीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरत नाही. घाण झालीच तर लायटरमध्ये भरतात तो द्रव ट्रिगरमध्ये सोडा, ट्रिगर चालवा, निथळू द्या, पुन्हा करा. तो उडून जातो आणि मागे थर ठेवत नाही. उघडी ज्योत आसपास नको, खिडकी उघडी हवी. ‘ट्रिगर बिघडला’ म्हणून गनस्मिथकडे आलेल्या पुष्कळ रायफली एवढ्यानेच बऱ्या होतात. नवीन ट्रिगर विकत घेण्याआधी हे करून बघाच.

नवा ट्रिगर घ्यायची वेळ कधी येते?

ट्रिगर धुऊन आणि कंपनीच्या मर्यादेत ॲडजस्ट करूनही ओढ चार पाउंडांखाली येत नसेल, क्रीप जात नसेल किंवा सेफ्टीची चाचणी चुकत असेल तेव्हा.

रेमिंग्टन ७०० पद्धतीच्या ॲक्शनला सगळ्यात जास्त पर्याय आहेत, आणि बर्गारा बी-१४ सारख्या रायफलीही तेच ट्रिगर घेतात. टिम्नीचा ७०० साठीचा नेहमीचा ट्रिगर दीड ते चार पाउंडांत फिरतो. ट्रिगरटेकमध्ये सिअर आणि ट्रिगरच्या मधे छोटा रोलर असतो, त्यामुळे घासण्याऐवजी गडगडत सुटतो आणि पकड पुरेशी ठेवूनही क्रीप जाणवत नाही. ज्युएल औंसांपर्यंत खाली जातो. उत्तम वस्तू आहे, पण धूळ आणि चिखलात हिंडणाऱ्या रायफलीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

घेताना सेफ्टी डाव्या की उजव्या बाजूला हे बघा, आणि बोल्ट काढायची कळ ट्रिगरच्या पुढे असते त्या रायफलींसाठी ‘बोल्ट रिलीजसह’ प्रकार मागा. तो नसलेला आणलात तर बोल्ट बाहेर काढता येणार नाही.

नवा ट्रिगर घरी बसवता येईल का?

७०० पद्धतीचा, पिनांवर बसणारा ट्रिगर काळजीपूर्वक काम करणारा माणूस बसवू शकतो. बोल्ट काढा, ॲक्शनचे स्क्रू सोडा, स्टॉक वेगळा करा. पिनेपेक्षा किंचित बारीक, सपाट तोंडाचा पंच आणि हलकी हातोडी घ्या. ॲक्शनखाली भोक असलेला लाकडी ठोकळा ठेवा. पिना निघताना बोल्ट स्टॉप (बोल्टला मागे अडवणारा तुकडा) आणि त्याची चिमुकली स्प्रिंग सुटी होते. ती उडाली की तासभर जमिनीवर रांगावं लागतं, म्हणून ॲक्शन मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून काम करा आणि स्प्रिंगची वळलेली टोकं कुठे टेकली होती त्याचा फोटो आधीच काढा.

बसवताना ट्रिगर, बोल्ट स्टॉप आणि स्प्रिंग एका रांगेत धरायला आखूड तात्पुरती पिन घाला. खरी पिन दुसऱ्या बाजूने आत येताना ती तिला बाहेर ढकलते. पिन ठोकावी लागतेय असं वाटलं तर थांबा, काहीतरी रांगेत नाही.

मग स्टॉक. नव्या ट्रिगरचं घर किंवा सेफ्टीचा दांडा बऱ्याचदा जुन्यापेक्षा जाड असतो. घरावर सगळीकडून मोकळी जागा दिसली पाहिजे. लाकूड घासत असेल तिथे शाई किंवा लिपस्टिक लावून खूण उमटवा आणि तेवढंच कोरा. ॲक्शनचे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. आकडा नसेल तर साध्या लाकडी स्टॉकला साधारण ४.५ न्यूटन-मीटर; ॲल्युमिनियमच्या चासीला (स्टॉकऐवजी वापरायच्या सांगाड्याला) बहुतेक ठिकाणी ७.३ च्या आसपास सांगतात. नंतर वरच्या सगळ्या चाचण्या.

बसवल्यावर सेफ्टी लागत नाही किंवा अर्ध्यातच अडकते. काय चुकलं?

दहापैकी नऊ वेळा स्टॉक अडतो. ॲक्शन बाहेर काढून सेफ्टी चालवा; नीट चालली तर लाकूड कोरायचं आहे. बाहेरही अडकत असेल तर पिन तिरकी बसली असेल किंवा कॉकिंग पीस आणि सिअर यांचं जमत नसेल. दुसऱ्या बाबतीत ट्रिगर परत करा, तो घासून बसवू नका.

माउझर ९८ चा लष्करी ट्रिगर बदलावा का?

त्याचा मूळ दोन टप्प्यांचा ट्रिगर लांब ओढीचा आहे, पण अत्यंत भरवशाचा. बदलायचा असेल तर तयार ट्रिगर मिळतात. पुढे पिन आणि मागे आवळायचा स्क्रू अशी त्यांची बैठक असते. काम अडतं ते सेफ्टीशी. मूळ सेफ्टी बोल्टच्या मागे असते आणि कॉकिंग पीसला मागे ओढून धरते; नव्या ट्रिगरची सिअर वेगळ्या उंचीला आली की हे जुळत नाही. मग जुळणी करून घ्यावी लागते, आणि ती गनस्मिथकडूनच.

सेट ट्रिगर शिकारीला चालतो का?

चालतो, शिस्त असेल तर. सीझेड ५५० सारख्या सिंगल-सेटमध्ये ट्रिगर पुढे ढकलला की तो सेट होतो आणि मग नुसत्या स्पर्शाने सुटतो. सेट करायचा तो रायफल खांद्याला, नेम जनावरावर आणि मारायचं नक्की झाल्यावरच. जनावर हललं, नेम सुटला, तर आधी सेफ्टी, मग नळी जमिनीकडे, मग बोल्ट उघडून सेट उतरवायचा. सेट केलेली रायफल घेऊन एक पाऊलही टाकायचं नाही.

जुनी रेमिंग्टन ७०० हाती आली आहे. काय बघू?

एक्स-मार्क प्रो असेल तर वर दिलेल्या तारखा बघा. वॉकर ट्रिगर असेल तर लक्षात घ्या, की त्यात ट्रिगरच्या पुढे कनेक्टर नावाची सुटी पट्टी असते आणि तिच्या नि ट्रिगरच्या फटीत कचरा बसला तर पकड कमी होते. सील तुटलेलं दिसलं तर आधीच्या मालकाने स्क्रू फिरवलेत असं धरून चाला. शिवाय १९८२ पूर्वीच्या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्ट उघडत नाही. रिकामी करायलाही सेफ्टी उघडावी लागते, आणि नेमक्या त्या क्षणी नळी कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. अशा रायफलीत पैसे घालायचेच असतील तर दुर्बिणीआधी नव्या ट्रिगरमध्ये घाला.

सरावासाठी रिकामा ट्रिगर ओढला तर चालतो का?

आधुनिक सेंटरफायर (पिन काडतुसाच्या मधोमध आपटते अशा) बोल्ट-ॲक्शनला चालतो. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस, घातली तर उत्तम. रिमफायरला (पिन काडतुसाच्या कडेवर आपटते अशा रायफलीला) नाही, पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती ठेचते.

सेमी-ऑटो शिकारी रायफलचे स्क्रूही असेच फिरवायचे का?

नाही. तिथे सिअरशिवाय डिस्कनेक्टर असतो, आणि एका ओढीला एकच गोळी सुटेल हे तो सांभाळतो. तिथली जुळणी बिघडली तर एका ओढीत दोन गोळ्या जाऊ शकतात. त्या मॉडेलसाठी बनवलेला, घरासकट येणारा पूर्ण ट्रिगर जसाच्या तसा बसवा, आतलं काही हलवू नका. रेंजवर आधी एक, मग दोन, मग तीन गोळ्या भरून तपासा, आणि कधीही एका ओढीत दोन आवाज आले तर तिथेच थांबून रायफल गनस्मिथकडे द्या.